फिरत्या घराची डागडुजी

मध्यप्रांताच्या अमदानीत चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याचा जंगल-अंमलदार हिवाळ्याच्या आरंभी दौऱ्यावर निघे, तेव्हा त्याच्या मागेपुढे राहुट्या, पेट्या, दप्तरे आणि शिधासामुग्री लादलेल्या बैलगाड्यांची रांग चाले. आणि त्या सगळ्या सरंजामात दोन माणसे अशी असत की ज्यांच्यावाचून जंगलातला मुक्काम हा मुक्काम ठरत नसे: एक पखाल वाहणारा भिस्ती आणि दुसरा दिवाबत्ती सांभाळणारा मशालजी. साहेबाला पाणी कुठून आले आणि कंदील कसा पेटला याची चौकशी करण्याचे कारण पडत नसे. इंग्लंडात निव्वळ हौसेखातर चाकांवरचे घर बांधवून घेणारे आरंभीचे गृहस्थ म्हणून आरमारातले निवृत्त वैद्य गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव घेतात. १८८५ साली त्यांनी ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची प्रशस्त गाडी करवून घेतली, पण त्यांच्याही दिमतीस एक गाडीवान आणि एक खिदमतगार होताच. घर फिरते असले तरी घरधनी स्वस्थ बसून होता.

आजचे फिरते घर म्हणजे मोटारीच्या सांगाड्यावर बसवलेली कॅरॅव्हान. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हान-पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केल्यापासून हा शब्द आपल्याकडे पुष्कळांच्या तोंडी आला, आणि हौशी मंडळी टेम्पो-ट्रॅव्हलरच्या पोटात पलंग, मोरी, शेगडी आणि पंखा बसवून ताडोब्याच्या वाटेला लागू लागली. या घरात भिस्तीची जागा बारा व्होल्टांच्या एका लहानशा पंपाने आणि मशालजीची जागा बॅटरीने घेतली आहे. हे दोघे नवे नोकर पगार मागत नाहीत हे खरे. परंतु ते आजारी पडतात, आणि आजारी पडले म्हणजे आपली कैफियत स्वतःच्या तोंडाने सांगू शकत नाहीत. ती ऐकण्याची विद्या मालकाला अवगत असावी लागते. ज्याच्या घराला चाके आहेत, त्याने प्रसंगी स्वतःच भिस्ती आणि स्वतःच मशालजी व्हावे, एवढीच या लेखाची शिफारस आहे; आणि ते होण्यासाठी हाताच्या कसबापेक्षा तपासाची शिस्त अधिक उपयोगी पडते, हे दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विषय चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, तरी निसर्गाने या दोघांची वाटणी केलेली नाही. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले आणि १९९५ पासून व्याघ्रप्रकल्पात मोडणारे ताडोबा एका अंगाला, आणि आलापल्लीच्या सागवानापासून इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा यांच्या संगमावरील भामरागडापर्यंत पसरलेले अरण्य दुसऱ्या अंगाला. मधून वैनगंगा वाहते. चंद्रपूरच्या वेशीवर २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र इरई धरणाच्या पाण्यावर चालते. आणि त्याच भूमीवरून पुढे गेलेला प्रवासी हेमलकशाच्या रस्त्याला लागला की दहा रुपयांच्या फ्यूजसाठी त्याला कित्येक कोस मागे यावे लागते. मे महिन्यात येथे पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांपर्यंत चढतो, श्रावणात नाले रस्त्यावरून वाहतात, आणि पर्लकोटेला पूर येऊन भामरागडाचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वर्षानुवर्षे आलेले आहेत. उष्णता, दमटपणा आणि हादरे हे वीज आणि पाणी या दोन्ही व्यवस्थांचे तीन शत्रू होत. आणि या मुलखात ते तिघेही आळीपाळीने हजेरी लावतात.

मशालजीचे काम

कॅरॅव्हानमध्ये विजेची दोन स्वतंत्र राज्ये असतात. एक बॅटरीचे, बारा व्होल्टांचे, एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचे. दुसरे घरच्या विजेसारखे, २३० व्होल्टांचे, जे मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून जोडलेल्या केबलमधून किंवा गाडीतल्या इन्व्हर्टरमधून येते. पहिल्या राज्यात हौशी माणसाने खुशाल कारभार करावा. दुसऱ्यात काय करावे आणि काय करू नये, ते पुढे येईल.

बारा व्होल्टांचा धक्का माणसाला सहसा बसत नाही, म्हणून ती वीज निरुपद्रवी आहे असा एक गैरसमज रूढ आहे. शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीची दोन टोके लोखंडी पान्याने चुकून जोडली गेली, तर क्षणार्धात शेकडो अँपिअर प्रवाह वाहून पाना लालबुंद होतो आणि बोटातली अंगठी मांसात रुतते. म्हणून बॅटरीला हात लावण्यापूर्वी अंगठी, कडे आणि घड्याळ उतरवून ठेवावे. सोडताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, सबब तिच्या कप्प्याला वाऱ्याची वाट असावी आणि जवळ काडी ओढू नये.

थोडे गणित केल्यावाचून या राज्याची प्रकृती कळत नाही. साठ वॉटचा पंप २३० व्होल्टांवर चालला असता तर त्याला पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरला असता. बारा व्होल्टांवर त्याला पाच अँपिअर, म्हणजे जवळजवळ एकोणीस पट, लागतो. प्रवाह जितका मोठा तितकी तार जाड हवी. बॅटरीपासून पाच मीटरवर असलेल्या पंपापर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर तार लागते. ती एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची असेल तर तिचा रोध ०.१८ ओहमच्या आसपास भरतो, आणि पाच अँपिअर वाहताना वाटेतच सुमारे ०.९ व्होल्ट खर्ची पडतात. बारा निघालेले अकरावर पोचतात, पंप रडतखडत चालतो, आणि मालक नवा पंप विकत आणतो. तीच तार चार चौरस मिलिमीटरची घातली तर तूट पाव व्होल्टाच्या आत राहते. पंपाच्या नावावर खपलेल्या पुष्कळ तक्रारी वस्तुतः तारेच्या असतात.

फ्यूजविषयीही असाच एक भ्रम आहे. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. तो नसेल तर शॉर्ट झालेली तार स्वतःच फ्यूज होते, आणि ती लाकडी फळीमागे असेल तर तिच्याबरोबर घरही जाते. म्हणून तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात असावा, कारण टोक आणि फ्यूज यांमधला तुकडा बेवारशी राहतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा फ्यूज घालावा. तोही उडाला तर तो गाडीने दिलेला जबाब समजावा. चांदीचा कागद गुंडाळून तो जबाब बंद करणे म्हणजे पुरावा जाळण्यासारखे आहे.

आता तपासाची पद्धत पाहू. समजा, ताडोब्याच्या मोहर्ली प्रवेशद्वाराजवळ गावातल्या आवारात मुक्काम पडला आहे, संध्याकाळ झाली आहे, आणि आतले दिवे मंद जळत आहेत. पहिला संशय बॅटरीवर जातो, आणि तो स्वाभाविक आहे. पण संशयिताला लगेच कैद करू नये. मल्टिमीटर काढावा. सर्व उपकरणे बंद करून काही तास विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे; १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि ११.८ म्हणजे रिकामी. समजा आकडा १२.६ आला. तर बॅटरी निर्दोष सुटली. मग दिवे लावून ठेवूनच बॅटरीच्या टोकांवर मोजावे, नंतर फ्यूजच्या अलीकडे, नंतर पलीकडे, आणि शेवटी दिव्याच्या टोकांवर. जिथे आकडा एकदम घसरला, तिथे चोर आहे. पुष्कळदा तो धन तारेत सापडतच नाही; कारण बहुतेक गाड्यांत परतीचा प्रवाह सांगाड्याच्या लोखंडातून जातो, आणि जिथे ऋण तार बोल्टने सांगाड्याला जखडलेली असते, तिथे एका पावसाळ्यात गंज धरतो. बोल्ट सोडावा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करावा, तारेच्या टोकाला नवे थिंबल दाबून बसवावे, घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. पाच मिनिटांत दिवे झळझळीत होतात, आणि नव्या बॅटरीचे हजारो रुपये खिशात राहतात.

या तपासात घरगुती वायरमनचा निऑन टेस्टर कामाचा नाही. तो बारा व्होल्टांवर पेटतच नाही, आणि न पेटलेला टेस्टर पाहून तार मृत आहे असे मानणारा माणूस फसतो. त्याऐवजी बारा व्होल्टांच्या लहान बल्बला दोन तारा लावून केलेला टेस्ट लॅम्प ठेवावा. मल्टिमीटर आकडा सांगतो, पण दोऱ्याएवढ्या एका शाबूत धाग्यावरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. टेस्ट लॅम्प प्रत्यक्ष प्रवाह मागतो, म्हणून अशा दुबळ्या जोडाचे बिंग त्याच्यापुढे फुटते. तसेच, दोन तारा नुसत्या पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्याची जी सवय आपल्या हाताला लागली आहे, ती चालत्या गाडीत सोडून द्यावी. हादऱ्याने पीळ सैल होतो, सैल जोड तापतो, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात चिकटपट्टीचा डिंक पाझरून ती आपोआप उलगडते. दाबून बसवलेला जोड आणि त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह हाच टिकाऊ उपाय होय.

उन्हाळ्याचा विषय निघाला म्हणून सौर पट्ट्यांसंबंधी दोन शब्द. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, ही कल्पना अर्धसत्य आहे. पट्टीवर छापलेली क्षमता तिचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला सिलिकॉनच्या पट्टीचे उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्याच्या दुपारी गाडीच्या तापलेल्या टपावर पट्टी सत्तर अंशांना पोचली, तर जवळजवळ अठरा टक्के वीज उष्णतेनेच खाल्ली. उपाय सोपा आहे: पट्टी टपाला चिकटवू नये, चार बोटे उंच बसवावी, म्हणजे खालून वारा खेळतो आणि टपालाही सावली मिळते. बॅटरीलाही उष्णता सोसत नाही. सरासरी तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. पाणी घालण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरवड्यास पातळी पाहावी, आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावे. इथले बोअरचे क्षारयुक्त पाणी तिला विषासमान आहे.

विजेचा जमाखर्च निघण्यापूर्वीच मांडावा. पंचवीस वॉटचा पंखा आठ तास म्हणजे २०० वॉट-तास. पाच वॉटचे तीन दिवे चार तास म्हणजे ६०. पंप दिवसाकाठी अर्धा तास म्हणजे ३०. भ्रमणध्वनी चार्ज करण्यास आणखी ३०. एकूण ३२०. यात पंचेचाळीस वॉटचे शीतकपाट आले आणि उकाड्याने ते बारा तास चालले, तर एकट्याचे ५४० होऊन बेरीज ८६० वर जाते. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॉट-तास असतात, पण शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती ६०० च. उरलेली तूट दोनशे वॉटच्या सौर पट्टीने भरून निघते, कारण पाच तासांच्या चांगल्या उन्हात, घट वजा जाता, ती सातशेच्या आसपास देते. मात्र आषाढातल्या ढगांखाली याचा तिसरा हिस्साही पदरात पडेल याची हमी नाही. पुष्कळांची ‘बॅटरी खराब झाली’ ही फिर्याद मुळात उत्पन्नापेक्षा खर्च जास्त असल्याची असते.

भिस्तीचे काम

विजेपेक्षा पाण्याचे काम सोपे वाटते, कारण पाणी दिसते. परंतु फिरत्या घरात पाण्याचे दोष मोठे फसवे असतात. टाकी, तिच्या पुढे गाळणी, गाळणीपुढे पंप, पंपापुढे नळ्या आणि शेवटी नळ, असा हा साधा क्रम आहे. पंपात दाबावर चालणारा एक स्विच असतो: नळ उघडला की दाब घटतो आणि पंप सुरू होतो, नळ बंद केला की दाब चढतो आणि पंप थांबतो. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवली की पंपाचा आवाज हाच साक्षीदार होतो.

रात्री सगळे नळ बंद असताना पंप अधूनमधून क्षणभर गुरगुरून पुन्हा गप्प होत असेल, तर दाब कुठेतरी हळूहळू झिरपतो आहे. पंपाच्या लगेच पुढे कॉक असेल तर तो बंद करावा. तरीही पंप उठत असेल तर दोष पंपाच्या पोटातल्या झडपेचा किंवा स्विचचा. तो गप्प झाला तर गळती पुढच्या नळ्यांत आहे, आणि मग विजेरी घेऊन प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरीत जावे. उलट, पंप अखंड चालतो पण नळाला पाणी येत नाही, किंवा फसफसत येते, आणि टाकी तर भरलेली आहे, अशा वेळी माणूस पुढच्या नळ्या धुंडाळतो आणि त्याला थेंबही सापडत नाही. सापडणार कसा? टाकी आणि पंप यांमधल्या बाजूला पंप ओढत असतो. तिथे सांधा सैल झाला तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. गळती ओली असतेच असे नाही. तिथली क्लिप आवळावी, गाळणी उघडून गाळ काढावा आणि तिचे रबरी वॉशर चेपले आहे का पाहावे. दहांतील बहुतेक प्रसंग इथेच मिटतात. आणि पंप मुळीच बोलत नसेल, तर ते प्रकरण भिस्तीचे नसून मशालजीचे आहे: आधी फ्यूज, मग पंपाच्या टोकांवरचे व्होल्ट.

सांधे जोडण्याच्या बाबतीत घरच्या प्लंबरचा अनुभव पूर्णपणे लागू पडत नाही. जुने प्लंबर लोखंडी नळाच्या आट्यांवर दोरा गुंडाळून सफेदा लावीत आणि तो सांधा भिंतीत जन्मभर राही. परंतु भिंत हलत नाही, गाडी हलते. डिंकाने चिकटवलेली ताठ प्लॅस्टिक नळी खड्ड्याखड्ड्यातून सांध्याशी तडकते, म्हणून चाकांवरच्या घरात शक्य तिथे लवचीक नळी घालावी, ती दर दोन वितींवर पट्टीने अडकवावी, आणि पंप रबरी पायांवर बसवून त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर मऊ नळी ठेवावी. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना नट ज्या दिशेने आवळला जाणार त्याच दिशेने गुंडाळावी, नाहीतर आवळताना ती उलगडून गोळा होते. प्लॅस्टिकचा नट हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव फेरा पुरे. पुष्कळ गळत्या कमी आवळल्याने होतात हे खरे. पण जास्त आवळल्याने पडलेली चीर ही गळतीपेक्षा वाईट, कारण तिला वॉशरचा उतारा नाही. टाकीला तडा गेलाच तर ती रिकामी करून, जागा पूर्ण कोरडी आणि खरखरीत करून एम-सील लावावे. ओल्या पृष्ठावर ते धरत नाही, आणि ही डागडुजी पिण्याच्या टाकीत कायमची ठेवू नये.

पाण्याच्या गुणाविषयी येथे विशेष सावध असावे. चंद्रपूर जिल्ह्यातील पुष्कळ गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळलेले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य आणि दुसरा स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगे, असे भारतीय मानक आहे. ते रंगाने, वासाने किंवा चवीने कळत नाही, आणि उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तेव्हा वाटेत दिसलेल्या पहिल्याच हातपंपावर पिण्याची टाकी भरण्यापेक्षा नगराच्या शुद्ध केलेल्या पाण्यावर निघताना ती भरून घ्यावी, आणि धुण्याभांड्यांचे पाणी वेगळे ठेवावे. जड पाण्याने नळाच्या चाळणीवर पांढरा थर धरला, तर चाळणी काढून तासभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवावी. टाकी पारदर्शक असेल तर उजेडाने तिच्यात शेवाळ धरते. तिला काळे किंवा गडद आवरण घालावे, आणि ती उन्हात येणार नाही अशा जागी ठेवावी. हंगामाच्या आरंभी टाकी निर्जंतुक करावी: पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट लिटरमागे एक मिलिलिटर, म्हणजे शंभर लिटरांस शंभर मिलिलिटर, या मानाने घालून ते पाणी प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडावे, चार तास तसेच राहू द्यावे आणि मग दोनतीनदा स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावे.

सांडपाण्याची मोरी उन्हाळ्यात एकाएकी दुर्गंधी सोडू लागते, तेव्हा दोष बहुधा घाणीचा नसून कोरडेपणाचा असतो. मोरीखालच्या नळीला जो बाक दिलेला असतो, त्यात साचलेले ओंजळभर पाणी हेच टाकीतल्या वासाला कुलूप असते. चंद्रपूरच्या उन्हात दोन दिवस गाडी उभी राहिली की ते पाणी आटून कुलूप निघते. एक तांब्या पाणी ओतावे, तक्रार मिटते. मात्र सांडपाण्याची टाकी आणि शौचकूपाची पेटी जंगलात किंवा नाल्याकाठी कदापि रिकामी करू नये. पुढच्या गावाची विहीर त्याच उतारावर असते, आणि त्या नाल्यावर पाणी पिणारी जनावरे आपल्यापेक्षा जुनी रहिवासी आहेत.

कारभाराची हद्द

स्वावलंबनाला हद्द असावी लागते, आणि ती आधी आखलेली असावी. २३० व्होल्टांचे राज्य ही पहिली हद्द. इन्व्हर्टरमधून निघालेली वीज बॅटरीतून आली म्हणून सौम्य होत नाही. ती घरच्या सॉकेटइतकीच मारक आहे. त्या बाजूला हौशी माणसाने तीन कामे करावी: मुक्कामाच्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही ते तपासून मगच केबल जोडावी, तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचचे) चाचणी-बटण दर महिन्यास दाबून ती पडते का पाहावे, आणि ती वारंवार पडू लागली तर तिला बगल न देता परवानाधारक वायरमनला बोलवावे. पत्र्याच्या घरात अर्थिंग तुटले तर दाराची कडीसुद्धा जिवंत होते, आणि ओल्या जमिनीवर उभा राहून ती धरणाऱ्यास दुसरी संधी मिळत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची नळी आणि रेग्युलेटर ही दुसरी हद्द: साबणाचे पाणी लावून गळती शोधावी, सापडली तर सिलिंडर बंद करून दुरुस्तीची लालसा सोडावी. तिसरी हद्द कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीच्या दाखल्यातील तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. पंप बदलणे ही दुरुस्ती आहे, पण मालवाहू गाडीचे घर करणे हा फेरफार आहे, आणि त्याची वाट परिवहन कार्यालयाच्या मंजुरीतून जाते.

चौथी हद्द या मुलखाचीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ केवळ अभयारण्याच्या रेषेआड राहत नाहीत. मोहफुले वेचताना आणि तेंदूपाने तोडताना वाकलेल्या माणसांवर झालेले हल्ले हे येथील दरसालचे दुःख आहे. वाकलेला किंवा बसलेला माणूस जनावराला उभ्या माणसासारखा दिसत नाही. म्हणून जंगलाच्या रस्त्यावर दिवस मावळल्यावर गाडीखाली शिरून नळी आवळण्याचा उत्साह करू नये. पंप बंद ठेवावा, बादलीने भागवावे, आणि उजाडल्यावर, एकाला पहाऱ्यास उभे करून, काम उरकावे. एका रात्रीची आंघोळ चुकली तर बिघडत नाही.

बरोबर काय घ्यावे, याची यादी लहान आहे: मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, प्रत्येक आकड्याचे चार फ्यूज, थिंबले आणि ती दाबण्याची पकड, दहा मीटर जाड तार, स्लीव्हा, टेफ्लॉन टेप, वेगवेगळ्या मापांच्या क्लिपा, रबरी वॉशर, हातभर लवचीक नळी, पंपाची जादा गाळणी आणि एक कोरी वही. या वहीत कोणती तार कोणत्या रंगाची, कोणता फ्यूज कशाचा, कोणता कॉक कोणती वाट बंद करतो, याचा नकाशा काढून ठेवावा, आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची तारीखवार नोंद करावी. जुन्या अंमलदारांच्या दप्तरात दौऱ्याची रोजनिशी असे. तिचे महत्त्व त्यांना पुढच्या वर्षी त्याच वाटेने जाताना कळे. गाडीचा दोषही बहुधा त्याच वाटेने परत येतो.

आणि शेवटी एक विनंती. नवी किंवा नव्याने दुरुस्त केलेली गाडी घेऊन थेट भामरागडाकडे निघू नये. आधी एक रात्र आपल्याच घराच्या आवारात तिच्यात काढावी. बाहेरची केबल जोडू नये, घरात जाऊन पाणी आणू नये, सगळे दिवे, पंखा, पंप आणि मोरी वापरावी. जे गळायचे ते त्या रात्री गळेल आणि जे विझायचे ते विझेल; पण सकाळी दहा वाजता चंद्रपूरच्या बाजारात हार्डवेअरचे दुकान उघडलेले असेल. पुढच्या वाटेवर ते नसते.